येतो म्हण

क्लेमेंटी, सिंगापूर
१४ जुलै २०२४

दादा,

नमस्कार. साष्टांग घालावा इतके आपण सध्या बोलत नाही, म्हणून नुसताच.

पत्र बघून चक्रावला असशील. "यापुढे मी तुला फोन करणार नाही," असं दुकानाच्या पायरीवर उभा राहून मी म्हणालो होतो आणि ते दोन वर्षं पाळलंय. पत्राबद्दल काही बोललो नव्हतो, तेव्हा शब्द मोडला असं म्हणू नकोस. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर आधी वहिनींच्या हातात पडलं असतं आणि त्यांनी तुझ्यामागे लकडा लावला असता, उत्तर लिहा म्हणून. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर. संपर्क टेलिफोन सेंटर, एस.टी. स्टँडसमोर, कराड. पिनकोड आठवावा लागला नाही, हातानंच लिहिला.

भांडण कशावरून झालं ते तुला माहीत आहे, तरी माझी बाजू एकदा कागदावर येऊ दे. मी एवढंच म्हणालो होतो की आता हे दुकान बंद कर. ज्या गावात भाजीवालीच्या कमरेलासुद्धा दोन सिमांचा फोन आहे तिथे टेलिफोन सेंटरची पाटी लावून बसणं म्हणजे घरोघरी नळ आल्यावर पाणी विकायला बसणं. तू झेरॉक्सवर आणि ऑनलाइन फॉर्मांवर रेटत होतास, पण फॉर्मही आता पोरं हातातल्या हातात भरतात. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ते मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो. त्यावर तू शांतपणे म्हणालास, "तुझं सिंगापूरचं बोलावणं ह्याच दुकानाच्या फॅक्सवर आलं होतं, विश्वास." मला तो टोमणा झोंबला. बॅग उचलली आणि "जातो" म्हणालो.

लहानपणापासून मी घाईत "जातो" म्हणायचो आणि तू दर वेळी मागून ओरडायचास, "येतो म्हण रे." शाळेत जाताना, पुण्याला कॉलेजला जाताना, अगदी पहिल्यांदा विमानाला जातानाही. त्या दिवशी तू काही म्हणाला नाहीस. मशीनमध्ये अडकलेला कागद काढत राहिलास.

इकडचं सांगतो, तू विचारलं नाहीस तरी. अरुणाची बदली जानेवारीत सिडनीला झाली, म्हणजे आम्ही नवरा-बायको आता दोन देशांत. तुझी पुतणी जाई विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. बुकित तिमाहचा कॉन्डो सोडला. तिघांसाठी घेतलेल्या घरात एकटा माणूस खाकरला तरी दचकायला व्हायचं. आता क्लेमेंटीला दोन खोल्यांचा सरकारी फ्लॅट भाड्यानं घेतलाय, जाईच्या होस्टेलपासून बसनं जवळ. ती रविवारी येते, धुवायचे कपडे घेऊन. मी सोमवारपासून रविवारची वाट बघतो, पण तिला तसं कळू देत नाही.

ती तुझ्याशी फोनवर बोलते हे मला माहीत आहे. बोलू दे. आपल्या भांडणात तिनं कशाला पडावं?

विश्वास


क्लेमेंटी
२५ ऑगस्ट २०२४

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, पण बातमी आली.

आज जाई जेवायला होती. पिठलं ढवळता ढवळता मी सहज विचारलं, काका काय म्हणतो? ती फोनमधून मान वर न करता तिच्या त्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "काका इन्क्रीज द शॉप ऑलरेडी, लाह." मी गॅस बारीक केला आणि पुन्हा विचारलं. "शॉप, बाबा. ही मेक इट बिगर." बरा आहे का म्हणून विचारलं तर म्हणाली, "ओके वन. क्वायट ओन्ली. नाऊ कॅन स्लीप आफ्टरनून, ही सेड."

म्हणजे दुकान मोठं केलंस आणि वर दुपारच्या झोपेपुरता माणूसही ठेवलास. वा, निशिकांतराव. मी बंद कर म्हणालो म्हणून तू वाढवलंस. असा तू आहेसच. मी आंघोळ कर म्हटलं की तू नदीवरून ओला होऊन आलेला असतानाही मुद्दाम कोरडा होऊन बसायचास.

पहिल्यांदा राग आला, ते लपवत नाही. दोन वर्षं मनातल्या मनात मी तुझं दुकान बंद पाडत होतो आणि तू तिकडे भिंत पाडत होतास. शेजारचा शिंप्याचा गाळा घेतलास ना? दुसरीकडे वाढायला जागाच नाही. पण संध्याकाळी चालायला खाली उतरलो तेव्हा लक्षात आलं की मला आनंद झालाय. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या चिनी काकू भेटतात, त्यांना मी आपण होऊन सांगितलं, माय ब्रदर, बिग शॉप, इंडिया. त्या म्हणाल्या, गुड, गुड, सेलिंग व्हॉट? मला चटकन सांगता येईना. टेलिफोन म्हणालो.

खरं तर तू काय विकायचास? मला सगुणाबाई आठवल्या. मुलगा मस्कतला. तो दुकानाच्या नंबरवर फोन करायचा, तू म्हणायचास, "ठेव, पाच मिनिटांनी कर, आईला बोलावतो," आणि मला पिटाळायचास. त्या चपला न घालता यायच्या. मस्कत लांब आहे म्हणून केबिनमध्ये ओरडून बोलायच्या, अख्ख्या स्टँडला त्यांच्या सुनेचे दिवस कळायचे. बोलून झालं की बाहेर येऊन तुझ्याच पाया पडायला बघायच्या, मस्कत तूच उचलून जवळ आणल्यासारखं. तू बावीस वर्षांचा होतास आणि कानापर्यंत लाल व्हायचास.

दर्शनी भागाला काच लावणार असशील तर पश्चिमेकडून ऊन येतं हे लक्षात ठेव. प्रिंटर तापतात. न मागितलेला सल्ला आहे, पण माझ्याकडे दुसरं काय आहे?

विश्वास


क्लेमेंटी
२२ सप्टेंबर २०२४

दादा,

अजून उत्तर नाही. नव्या दुकानाच्या गडबडीत असशील.

तुझ्यासाठी एक वस्तू पाठवलीय. मागच्या रविवारी जाईची परीक्षा होती म्हणून ती आली नाही. घरात बसवेना, तेव्हा एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, पकडून लिटिल इंडियात गेलो. सेरंगून रोडवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, सगळे आपल्याकडचे लोक आणि प्रत्येकजण घरी व्हिडिओ कॉल लावून चाललेला. एक पोरगा फोन हार-फुलांच्या दुकानासमोर धरून आईला मोगऱ्याचा भाव दाखवत होता. गर्दीत मी एकटाच गप्प होतो. मला वाटलं, ह्या सगळ्यांच्या हातात एकेक "संपर्क टेलिफोन सेंटर" आहे आणि ज्याचं ते खरं दुकान, त्याच्या भावाला फोन लावायची सोय नाही.

तिथे भिंतीवरचं घड्याळ घेतलं. आपल्या दुकानात तीन घड्याळं होती ना, खाली तू ब्रशनं लिहिलेली नावं: भारत, दुबई, लंडन. मी इकडे आलो तेव्हा म्हणालो होतो, सिंगापूरचं लाव. तू म्हणालास, भिंत संपली. आता भिंत मोठी झालीय. इथली वेळ लावूनच पाठवलंय, नाव तेवढं तू लिही, तुझं "सिं" चांगलं येतं. तुझ्याकडे साडेनऊला शटर वर जातं तेव्हा माझे बारा वाजलेले असतात. वाचून हसलास तरी चालेल.

ऑफिसात या आठवड्यात धावपळ होती. मी काय काम करतो ते तू कधी नीट ऐकून घेतलं नाहीस, "केबलवाला" म्हणून मोकळा झालास. समुद्राच्या तळाशी केबली टाकलेल्या असतात, मनगटाएवढ्यासुद्धा जाड नाहीत. भारताचं निम्मं बोलणं त्यातूनच इकडे येतं आणि पुढे जगभर जातं. कुठल्या तरी जहाजानं नांगर ओढला की एखादी तुटते. मग आम्ही बोलणं दुसऱ्या वाटेनं वळवतो, कुणाला पत्ताही लागत नाही. मग बोट जाते, तळाला गळ टाकून दोन्ही टोकं वर काढते, जोडते, पुन्हा पाण्यात सोडते. माझ्या कामाचा हा एकच भाग मला आवडतो.

गुडघा बरा आहे. जाईजवळ तू विचारलं होतंस म्हणे.

विश्वास


क्लेमेंटी
२० ऑक्टोबर २०२४

दादा,

घड्याळ परत आलं.

कुरिअरवाल्यांनी पाकिटावर चिठ्ठी चिकटवलीय. तीनदा गेलो, दुकान बंद होतं. एकदा बंद असेल. सोमवारी असतंच. पण तीन वेगळ्या वारी, भर दुपारी, एस.टी. स्टँडसमोरचं वाढलेलं दुकान बंद? इतका मी दुधखुळा नाही. पाठवणाऱ्याचं नाव बघून तू माणसाला "बंद आहे म्हणून सांग" म्हणालास. वसुलीवाला आला की शेजारचा शिंपी असाच आपल्या गाळ्यात दडी मारून बसायचा आणि आपण दोघं हसायचो.

राग येऊन मी अरुणाला फोन केला. ती मीटिंगमध्ये होती, नंतर बोलते म्हणाली. नंतर बोलली तेव्हा माझा राग उतरला होता आणि मी जेवणात काय केलं ते सांगितलं. आमचं सध्या असंच चालतं, एकाचं उसळतं तेव्हा दुसऱ्याकडे वेळ नसतो. भांडण नाही. भांडायला सुद्धा एका घरात असावं लागतं.

तू मोठा आहेस. आईनंतर मला माझ्या लहानपणासकट ओळखणारा तू एकटाच उरलास. इथे मला लोक ओळखतात ते पन्नाशीनंतरचा, केस पांढरे झालेला, मीटिंगला वेळेवर येणारा. झाडावरून पडून हात मोडलेला विश्वास तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. तो तू टाकून दिलास तर तो गेलाच. हे मी तोंडावर कधी बोललो नसतो, पण पुन्हा लिहिणार नाही म्हणून लिहून टाकतो.

दुकान वाढलं, आनंद आहे. माझ्यासाठी भिंतीवर जागा तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. घड्याळ मी इथेच स्वयंपाकघरात लावलंय.

ठीक आहे मग. बस झालं.

विश्वास


क्लेमेंटी
१७ नोव्हेंबर २०२४

दादा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर आहे. आधीची चार दुकानाच्या पत्त्यावर होती. ती का पोचली नाहीत ते मला काल कळलं.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या अनिमेषनं बुकित तिमाहला घर घेतलं, काल वास्तुशांत होती. पुण्याचे लोक, त्यामुळे पुरणपोळीपासून सगळं साग्रसंगीत. जाईला मुद्दाम नेलं होतं. पूजा झाल्यावर अनिमेषच्या बायकोनं, संजीवनीनं, तिच्या हातात नारळ दिला. फरशी नवी म्हणून ओट्यावर टॉवेलाची घडी घालून वर हातोडी ठेवलेली. संजीवनी म्हणाली, "जाई, तू आमच्या लेकीसारखी. वाढव नारळ."

जाईनं नारळाकडे बघितलं. सगळ्यांकडे बघितलं. मग नारळ ओट्यावर ठेवला, पिशवीतून दुसरा काढून आणला, पहिल्याशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आंटी, टू इनफ ऑर नॉट?"

घर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मीही हसलो. संजीवनीनं तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, "अगं, नारळ फोड असं म्हणत नाहीत. फुटलं, संपलं, बंद झालं, असलं चांगल्या वेळी तोंडातून काढायचं नसतं. म्हणून वाढव म्हणायचं." जाई माझ्याकडे वळली. "बाबा, काका ऑल्सो से दिस वन. दुकान वाढवलं. सेम वर्ड, राइट?"

मी हसता हसता थांबलो.

दादा, रोज रात्री शटर ओढून घरी आलास की तू दारातूनच ओरडायचास, आई, दुकान वाढवलं गं, पानं घे. घरी असलो की रोज ऐकलंय मी ते. तू जाईला आपल्या सरळ मराठीत सांगितलंस. तिला आवाज वाढव माहीत आहे, पंखा वाढव माहीत आहे. तिनं त्याचं इन्क्रीज केलं आणि माझ्याच गावचा शब्द माझ्याच पोरीच्या तोंडून इंग्रजी होऊन आला, तर मी तो ओळखला नाही. उलट भिंती पाडल्या, माणूस ठेवला, काचा लावल्या. दुपारी झोपायला वेळ मिळतो म्हणालास, त्यावरही कोट्या केल्या.

बाल्कनीत जाऊन आधी दुकानाचा नंबर फिरवला. पाठ असलेला तेवढाच एक नंबर आहे. बाई म्हणाली, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग शब्द मोडला आणि तुझा मोबाइल लावला. वहिनींनी उचलला.

"झोपलेत. उठवू का, भाऊजी?"

"नको. वहिनी, दुकान?"

"जुलैतच वाढवलं की. मशीन भंगारात दिली. जाई बोलली नाही तुम्हाला?"

बोलली होती म्हणालो.

वहिनींनी आतलं दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तुम्हाला कळवा म्हणून मी किती मागे लागले. ते म्हणायचे, कळवून काय ऐकू, मी सांगतच होतो, हेच ना? पण तीन घड्याळं काढून घरी आणलीत. रोज किल्ली देतात." गाळ्याला मालकाला भाडेकरू मिळत नाही, अजून बंदच आहे, असंही म्हणाल्या. म्हणजे माझी चारही पत्रं पोस्टमननं शटरखालून आत सरकवलीत आणि ती तिथे अंधारात फरशीवर पडलीत. कुरिअरवाला खरं बोलत होता.

मी सांगतच होतो. हे वाक्य म्हणायचा माझा हक्क आहे आणि माझ्या तोंडून ते निघत नाही. दोन वर्षं मला बरोबर ठरायचं होतं. आता ठरलो, तर ते बरोबर ठरणंच नको झालंय. आणि मला हेही कळतं की तुझं दुकान खाल्लं ते मी ज्या केबलींवर पोट भरतो त्यांनीच. जग सगुणाबाईंच्या पदराच्या गाठीत येऊन बसलं, मग त्यांनी अनवाणी पळत तुझ्याकडे कशाला यावं? चांगलंच झालं ते. फक्त तिथे बसून लोकांना बोलावून आणणारा एक माणूस होता, त्याला कुणी बोलावलं नाही. मीसुद्धा.

पत्रं वाचू नकोस. वहिनींना सांगून मालकाकडून गाळ्याची किल्ली मागवशील, तर मागवू नकोस. त्यातलं चौथं तर मुळीच वाचू नकोस. मी आल्यावर आपण दोघं शटर उचलू आणि मी ती तुझ्या डोळ्यांदेखत बंबात घालीन. तिसऱ्यात गुडघा बरा आहे असं लिहिलंय, तेवढं खरं इथेच सांगतो, दुखतो.

जाईला विमानाची तारीख सांगितली तर तिनं विचारलं, फॉर व्हॉट, बाबा? मी म्हणालो, एक केबल तुटलीय. ती म्हणाली, यू गो फिक्स मीन्स टू एंड्स मस्ट पुल अप, हॉर. दोन्ही टोकं वर ओढावी लागतात, हे मी शिकवलेलंच मला ऐकवते. ती पण येणार आहे. अरुणाला रजा मिळाली तर तीही, पण ते तिचं नक्की नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. हे पत्र आधी पोचेल अशी आशा आहे. घड्याळ स्वयंपाकघरातून उतरवलंय, बरोबर आणतोय. दुकानाची भिंत राहिली नाही म्हणून काय झालं, घरात त्या तिघांशेजारी एक खिळा ठोकून ठेव. नाव तू लिही.

मागच्या वेळी पायरीवरून मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल. तू दुरुस्त केलं नाहीस. तेव्हा मागून हाक येण्याची वाट बघत मी स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू चाललो होतो, हे तुला माहीत नाही. ह्या वेळी तुला ओरडायला लावत नाही.

येतो.

विश्वास